उसवलेलं फूल

स्टँडखालच्या खोलीत पिरोश्का ब्लेड घेऊन बसली.
समोर अठरा जर्सी, निळ्या,
प्रत्येकीच्या छातीवर एक लाल ट्यूलिप.
तिनेच भरलेलं, पाच हिवाळ्यांपूर्वी,
तेव्हा क्लबला डॅन्यूबकाठच्या गावाचं नाव होतं
आणि सामने ॲडलेडच्या वेशीबाहेर जात नव्हते.

आता देशभराची लीग. पहिलीच.
पत्र आलंय: क्लबांनी शहराचं नाव घ्यावं,
परदेशी चिन्हं काढावीत.
पत्र सभ्य आहे, खाली सही आहे,
नव्या जर्सींसाठी पैसे मात्र नाहीत.
"परदेशी," ती म्हणाली,
जिभेवर बी आल्यासारखी थांबली,
आणि पहिला टाका कापला.

गोलकीपर लायोश मोटारीच्या कारखान्यात दारं बसवतो.
व्यावसायिक झाल्यावरही
सोमवारी सकाळी सातला दारंच बसवतो.
पहिल्या पाकिटात चाळीस डॉलर.
ते त्याने फोरमनला दाखवले, मग बायकोला,
मग तसेच ठेवून दिले कपाटात,
जणू नोट मोडली
तर हंगामही मोडेल.

ब्रिस्बेनला विमानाने गेले.
तिवादार वीस वर्षांपूर्वी बोटीतून उतरला
तो इथेच, विटांच्या भट्टीवर;
नकाशात देश केवढा आहे
हे त्याला नकाशापुरतंच माहीत.
खिडकीला नाक लावून तो बघत राहिला:
खाली तांबडं, सुरकुतलेलं, रस्त्यावाचून,
तासभर तेच, तरी संपेना.
त्याने शेजारच्या मर्डोला हलवलं,
"हे सगळं आपल्या लीगमध्ये येतं?"
मर्डो ग्लासगोचा. म्हणाला, "झोप."

पाच-शून्य हरले.
परतताना रात्र होती, खाली एक दिवा नाही,
तिवादार तरी खिडकीशीच.

घरच्या सामन्याला तीनशे बारा तिकिटं.
पिरोश्काने डोकी मोजली: तीनशे चाळीस,
आणि कुंपणाखालून आलेला कुत्रा.
नवं नाव फक्त लाउडस्पीकर घेतो.
माणसं जुन्याच नावाने ओरडतात,
शिव्याही जुन्याच भाषेत,
आणि पंच, बिचारा,
त्यांना उत्तेजन समजून हात हलवतो.

जुलैत चुन्याच्या रेषा वाहून गेल्या.
पेनल्टी कुठून मारायची यावर
दोन्ही कर्णधारांनी पावलं मोजली,
एकाची अकरा, दुसऱ्याची तेरा.
लायोशने थांबून विचारलं, "ठरलं का?"
मग उजवीकडे झेपावला. चेंडू डावीकडे.

फूल गेलं, पण कापड विसरलं नाही.
पाच वर्षांच्या उन्हाने जर्सी विटली होती,
टाक्यांखालची तेवढी जागा सोडून.
प्रत्येक छातीवर आता
गडद निळं ट्यूलिप,
दोऱ्याशिवाय, सुईशिवाय,
आधीपेक्षा ठसठशीत.

सिडनीहून तपासायला माणूस आला,
कोटाच्या खिशात छापील फॉर्म.
चष्मा कपाळावर सारून त्याने जर्सी उजेडात धरली.
"इथे काहीतरी आहे."
"काही नाही," पिरोश्का म्हणाली, "हात लावून बघा."
त्याने हात लावला.
कापडच होतं.
थोडा वेळ तो गप्प उभा राहिला,
त्याच्याही आईने काही भरलं असेल कधी, कुणास ठाऊक,
मग फॉर्मवर लिहिलं: काही नाही.

सप्टेंबरात संपलं. तळातून दुसरे.
शेवटच्या दिवशी भाषण झालं, इतिहास हा शब्द
तीनदा आला, सॉसेज लवकर संपले.
तिवादार विचारत होता
पुढच्या वर्षी पर्थला जायचं का.
कुणालाच माहीत नव्हतं.

लाल दोरा तिने टाकला नव्हता.
बिस्किटांच्या डब्यात त्याचा गुंता होता,
आणि हंगामभर त्यातूनच
फाटलेले मोजे रफू केले,
अठरा जोड, छत्तीस टाचा.

नियमावली तिने मुलाकडून वाचून घेतली होती.
टाचांबद्दल
त्यात काहीच नव्हतं.